गोरेगाव परिसरात गुलाबाची लागवड : दहा गुंठ्यांचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात गोरेगाव हे गाव आहे. वाशिम जिल्ह्याची हद्द येथून फार दूर नाही. आसपासचे रान बव्हंशी काळे. कोठे भारी, तर टेकडीच्या उतारावर हलके व मुरमाड. पावसाळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असून बहुतेक सर्व पाऊस याच काळात पडतो. खरिपात सोयाबीन, तूर व कापूस, रब्बीत हरभरा व गहू, आणि विहिरीचे पाणी पुरेल तेथे हळद, अशी या भागाची पीकपद्धती आहे. अशा गावातील अल्पभूधारक शेतकरी जेव्हा वर्षभर थोडाथोडा पैसा देणाऱ्या पिकाचा विचार करू लागतो, तेव्हा फुलझाडांकडे, आणि त्यांतही गुलाबाकडे, त्याचे लक्ष जाणे साहजिक आहे.

गुलाब येथे येईल काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर सोपे आहे. योग्य मशागत केल्यास गुलाब येथे उत्तम येईल. परंतु फूल येणे आणि फुलाचा पैसा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोयाबीनचे पोते भाव नसल्यास महिनाभर घरात ठेवता येते. पहाटे उमललेले फूल दुपारपर्यंतही थांबत नाही. यास्तव लागवडीचा निर्णय घेण्यापूर्वी जमीन, पाणी, वाहतूक व बाजार या चारही बाबींचा एकत्र विचार व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात दहा गुंठे क्षेत्र डोळ्यांपुढे ठेवून तसा विचार केला आहे.

गुलाबाचे कूळ व जाती

गुलाब हा शब्द फारसी भाषेतून आला असून फूल व पाणी या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत या फुलास तरुणी व शतपत्री अशी नावे आढळतात. सफरचंद, नासपती, बदाम, पीच आणि महाबळेश्वर-पाचगणीकडील स्ट्रॉबेरी ही सर्व गुलाबाच्याच कुळातील होत.

जुने देशी गुलाब सुगंधी असले तरी त्यांतील पुष्कळ जातींना वर्षातून एकच मुख्य बहर येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील सतत फुलणारे गुलाब युरोपात पोचले आणि तेथील जातींशी त्यांचा संकर होऊ लागला. या संकरांतूनच हायब्रिड टी हा वर्ग निर्माण झाला. १८६७ साली फ्रान्समध्ये निघालेली ‘ला फ्रान्स’ ही जात या वर्गातील पहिली मानली जाते. लांब दांडा, एकेरी व भरदार कळी आणि वर्षभर पुनःपुन्हा येणारा बहर हे या वर्गाचे गुण होत. बाजारातील आजचा बहुतेक गुलाब याच वंशातला आहे.

भारतात गुलाबाच्या पैदाशीचे मोठे कार्य डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी केले. गव्हावरील तांबेऱ्यास दाद न देणारे वाण शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ख्याती आहे. १९६५ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले. गव्हाच्या कामाबरोबरच त्यांनी गुलाबाच्या अनेक भारतीय जाती निर्माण केल्या. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतून निघालेल्या मृणालिनी, रक्तगंधा व अर्जुन या जाती आजही गुलाबप्रेमींच्या परिचयाच्या आहेत.

महाराष्ट्रात उघड्या शेतातील लागवडीसाठी ग्लॅडिएटर ही लाल जात दीर्घकाळ टिकून आहे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत निघालेली ही जात येथील हवेस चांगली मानवली. झाड काटक असून फूल मोठे व गडद असते. हार, गजरे व पूजेच्या सुट्या फुलांसाठी लहान फुलांच्या व भरपूर फुलणाऱ्या स्थानिक जाती अधिक सोयीच्या पडतात. गोरेगावसारख्या ठिकाणी प्रारंभी दोनच जाती घ्याव्यात. निम्म्याहून अधिक क्षेत्रात हाराच्या सुट्या फुलांची जात व उरलेल्या क्षेत्रात दांड्याच्या फुलांची लाल जात, हे प्रमाण सुरक्षित होय. नाना रंगांच्या अनेक जाती थोड्याथोड्या लावल्यास कोणत्याच रंगाची फुले विक्रीपुरती निघत नाहीत.

मावळचे अनुकरण का करू नये

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे परिसरात, हरितगृहातील गुलाबशेती मोठ्या प्रमाणावर चालते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी तेथील लाल गुलाब परदेशीही जातो. ही हरितगृहे पाहून आलेल्या तरुण शेतकऱ्यास आपल्या शेतातही तसेच करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि मावळची हवा उन्हाळ्यातही तुलनेने सौम्य असते, पुणे व मुंबईच्या बाजारपेठा हाकेच्या अंतरावर आहेत आणि विमानतळाची सोय जवळ आहे. गोरेगावास यांपैकी एकही अनुकूलता नाही. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्या काळात हरितगृह थंड ठेवण्यासाठी वीज व पाणी दोन्ही पुष्कळ लागते. कर्ज काढून उभारलेले हरितगृह अशा स्थितीत शेतकऱ्यास भारी पडण्याचा धोका आहे. यास्तव या लेखातील सर्व विवेचन उघड्या शेतातील लागवडीपुरते आहे.

जमिनीची निवड व तयारी

गुलाबास मध्यम खोलीची, उत्तम निचऱ्याची व सेंद्रिय पदार्थांनी युक्त जमीन मानवते. जमिनीचा सामू ६ ते ७.५ असावा. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या येथील काळ्या जमिनींचा सामू बहुधा याहून अधिक असतो व त्यांत चुनखडीही आढळते. अशा जमिनीत लोह असूनही झाडास ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पुष्कळ शेतकरी हा रोग समजून औषधे फवारतात व खर्च वाया घालवितात. यावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट व थोडे सायट्रिक आम्ल मिसळून फवारणी करावी आणि शेणखतात फेरस सल्फेट मुरवून ते मुळांजवळ द्यावे. लागवडीपूर्वी माती परीक्षण करून घेणे अगत्याचे आहे. चुनखडीचे प्रमाण फार असलेल्या रानात गुलाब लावूच नये.

दुसरा प्रश्न निचऱ्याचा. भारी काळ्या रानात पावसाचे पाणी साचते आणि गुलाबाची मुळे गुदमरतात. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्याखाली गेली. वार्षिक पिकाचे अशा वेळी एका हंगामाचे नुकसान होते, तर गुलाबाची पाच-सहा वर्षांसाठी केलेली लागवडच मरते. म्हणून उतारावरील, मुरूममिश्रित मध्यम जमीन निवडावी आणि एक ते दीड फूट उंचीचे गादीवाफे करून त्यांवर लागवड करावी. वाफ्यांच्या टोकास पाणी शेताबाहेर काढणारा चर असावा.

उन्हाळ्यात जमीन नांगरून हरळी व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. एकदा काटेरी झाडे उभी राहिली म्हणजे हे काम फार कष्टाचे होते. मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत. नंतर पोयट्याची माती व प्रत्येक खड्ड्यास सुमारे १० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळून ते भरावेत. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी व वाळवी येते, हे ध्यानी ठेवावे.

कलमे व लागवड

गुलाबाची कलमे रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. मराठवाड्यातील विम्लधर्मी जमिनीत मल्टिफ्लोरा खुंटापेक्षा एडवर्ड किंवा इंडिका ओडोराटा हा खुंट अधिक टिकाव धरतो. कलम घेताना खुंट कोणता, ही चौकशी रोपवाटिकेत अवश्य करावी. डोळा व खुंट यांचा जोड पक्का असलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची निदान दोन फुटवे असलेली कलमे घ्यावीत.

दोन ओळींत चार फूट व दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवावे. एका झाडाच्या वाट्यास आठ चौरस फूट जागा येते. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. त्यात सुमारे १,३६० झाडे बसतात. लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर जून-जुलैत किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेरीस करावी. भारी जमिनीत दुसरी वेळ अधिक इष्ट होय. जोड जमिनीच्या वर दोन-तीन इंच राहील अशा बेताने कलम लावावे व भोवतालची माती पायाने दाबून घट्ट करावी.

लागवडीनंतर पहिले काही महिने येणाऱ्या कळ्या खुडून टाकाव्यात. पहिली कळी खुडताना शेतकऱ्याचा हात सहसा धजत नाही. परंतु या काळात फुले घेतल्यास झाडाचा सांगाडा बनत नाही व पुढील सर्व वर्षांचे उत्पन्न घटते.

जोडाच्या खालून निघणारे फुटवे ही गुलाबशेतीतील नित्याची अडचण आहे. हे फुटवे रानगुलाबाचे असतात. ते जोमाने वाढून कलमाचे अन्न घेतात आणि दोन वर्षांत चांगली बाग रानगुलाबाची होऊन बसते. एका देठावर सात पर्णिका असल्या म्हणजे तो रानफुटवा, अशी एक खूण सांगतात. पण ती नेहमी खरी ठरत नाही. काही चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. माती बाजूला सारून फुटवा जोडाच्या वरून निघाला आहे की खालून, हे पाहणे हीच खात्रीची परीक्षा होय. खालचा फुटवा कापू नये. तो मुळाकडून ओढून काढावा. कापल्यास त्याच जागी दोन-तीन नवे फुटवे येतात.

पाणी : मे महिन्याची कसोटी

ठिबक सिंचनावर हिवाळ्यात एका झाडास दररोज सुमारे दोन लिटर व कडक उन्हाळ्यात चार ते पाच लिटर पाणी लागते. दहा गुंठ्यांतील १,३६० झाडांस मे महिन्यात रोज पाच लिटरप्रमाणे ६,८०० लिटर पाणी हवे. ज्या विहिरीतून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातही, घरची व जनावरांची गरज भागून, एवढे पाणी रोज निघते तेथेच दहा गुंठे गुलाब लावावा. निम्मे पाणी असेल तर क्षेत्रही निम्मे धरावे. दिवाळीच्या सुमारास भरलेली विहीर पाहून क्षेत्र ठरविणे धोक्याचे आहे.

गुलाबाची बाग पाच-सहा वर्षे उभी राहते आणि मराठवाड्यात एवढ्या काळात एखादे तरी अवर्षणाचे वर्ष येतेच. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलपासून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा वर्षी फुलांची आशा सोडून झाड जगविणे हेच धोरण ठेवावे. सर्व कळ्या खुडाव्यात, बुंध्याभोवती सोयाबीनचे भूस किंवा वाळलेल्या पाल्याचे चार इंच जाड आच्छादन द्यावे आणि चार-पाच दिवसांच्या अंतराने थोडे पाणी द्यावे. उन्हाळ्यात जड छाटणी मुळीच करू नये. पानांची सावली गेली म्हणजे फांद्यांची साल उन्हाने करपते. आच्छादनाखाली वाळवी लागत नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

खते

प्रत्येक छाटणीनंतर झाडास पाच ते दहा किलो कुजलेले शेणखत द्यावे. रासायनिक खते माती परीक्षणानुसार द्यावीत. सर्वसाधारणपणे दर छाटणीस झाडामागे ६ ग्रॅम नत्र, १२ ग्रॅम स्फुरद व १२ ग्रॅम पालाश पुरेसे होते. खताच्या भाषेत सांगावयाचे तर १३ ग्रॅम युरिया, ७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट व २० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. नत्र दोन हप्त्यांत विभागून द्यावे. नत्र अधिक झाल्यास झाड पानांनी माजते, फांद्या लुसलुशीत होतात व त्यांवर मावा आणि भुरी लवकर येते.

छाटणी : लग्नतिथीपासून मागे मोजणी

गुलाबाचे फूल नव्या फांदीवर येते. छाटणी केल्याने नव्या फांद्या फुटतात व फुले केव्हा यावीत हे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हाती राहते. मुख्य छाटणी ऑक्टोबरात व हलकी छाटणी जूनमध्ये करावी. ऑक्टोबरात वाळलेल्या, रोगट, एकमेकींत गुंतलेल्या व आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. जोमदार अशा चार-पाच फांद्या ठेवून त्या दीड ते दोन फुटांवर छाटाव्यात. छाट बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा व धारदार कात्रीने घ्यावा. छाटलेल्या टोकास त्याच दिवशी बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचे मलम लावावे. पूर्वी दख्खनच्या बागांत छाटणीआधी मुळे उघडी करून काही दिवस उन्हात ठेवण्याची प्रथा होती. ठिबकाखालील बागेत वरवरची मुळे हीच झाडाची अन्न घेणारी मुळे असतात. म्हणून ती उघडी करू नयेत.

छाटणीपासून सुमारे ४५ दिवसांनी बहर येतो. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण ३२ दिवस होतात. अर्थात दसऱ्यास छाटलेली बाग तुळशीच्या लग्नानंतर सुमारे दोन आठवड्यांनी फुलावर येईल. लग्नसराईच्या प्रारंभी फूल हवे असेल तर काही भागाची छाटणी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी करणे प्राप्त आहे. त्या वेळी परतीचा पाऊस चालू असू शकतो, म्हणून उघडीप पाहून छाटावे व मलम लावण्यात हयगय करू नये.

सर्व बाग एकाच दिवशी छाटल्यास सर्व फूल एकाच आठवड्यात येते आणि भाव पाडून मागितला जातो. यासाठी बागेचे तीन भाग करून ते दहा-दहा दिवसांच्या अंतराने छाटावेत. पुढील बहर थंडीमुळे थोड्या उशिरा, पन्नास ते साठ दिवसांनी, येतो. ही मोजणी लक्षात घेऊन औंढा नागनाथ येथील महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी एखाद्या भागाची हलकी छाटणी डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीच्या प्रारंभी करता येते.

रोग व किडी

पावसाळ्यात पानांवर काळे गोल ठिपके पडतात, पाने पिवळी होऊन गळतात. गळलेली पाने गोळा करून जाळावीत व ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारावे. पाणी पानांवर न पडता बुंध्याशी दिल्यास हा रोग पुष्कळ कमी होतो. थंडीच्या सुरुवातीस भुरी येते. तीवर १० लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. मात्र कडक उन्हात गंधक फवारू नये, पाने भाजतात. छाटलेल्या टोकापासून फांदी खाली काळी पडत वाळत येणे, हा डायबॅक रोग सर्वांत घातक होय. वाळलेला भाग खालच्या दोन-तीन इंच निरोगी भागासह कापून जाळावा व लगेच मलम लावावे. प्रत्येक झाडानंतर कात्रीचे पाते निर्जंतुक करणे उत्तम.

किडींमध्ये फुलकिडे, मावा, लाल कोळी व खवले कीड यांचा उपद्रव प्रमुख आहे. फुलकिड्यांमुळे पाकळ्यांच्या कडा करपतात व असे फूल बाजारात नाकारले जाते. पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी व निळे-पिवळे चिकट सापळे यांचा उपयोग आरंभापासून करावा. लाल कोळी उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूस असतो. तेथे पाण्याचा जोरदार फवारा मारल्यासही तो कमी होतो. रासायनिक औषध गुलाबासाठी शिफारस असलेलेच घ्यावे व वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. ज्या फुलांपासून गुलकंद करावयाचा त्यांवर विषारी औषध मुळीच फवारू नये.

काढणी, वाहतूक व बाजार

हाराचे फूल अर्धवट उमललेले असताना पहाटे तोडावे. दांड्याचे फूल बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल होताच, दांड्यासह कापून त्वरित पाण्यात उभे करावे. सुटी फुले ओल्या गोणपाटाचे अस्तर असलेल्या करंडीत भरावीत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ती तापतात व काळी पडतात. दांड्याच्या फुलांची लांबीनुसार प्रतवारी करून गड्ड्या बांधाव्यात. आखूड दांडे लांबात लपविल्यास व्यापारी सर्व गड्डीस हलका भाव देतो.

आता हिशेब पाहावा. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांत आपल्या गावचे आकडे घालून पाहावेत. दुसऱ्या वर्षापासून एका झाडाची वर्षास ४० विक्रीयोग्य फुले धरली, तर दहा गुंठ्यांत सुमारे ५४,००० फुले निघतील. वर्षभरात विभागल्यास हे प्रमाण दिवसास सरासरी १५० फुलांचे पडते. एवढी फुले घेऊन एकाच शेतकऱ्याने रोज हिंगोली किंवा वाशिम गाठावयाचे म्हटले आणि जाण्यायेण्याचा खर्च १५० रुपये धरला, तर एका फुलामागे एक रुपया केवळ वाहतुकीस जातो. फुलास एक रुपयाच भाव मिळाला तर त्याच्या हाती काहीही उरत नाही. हेच पाच शेतकऱ्यांनी प्रत्येकी दहा गुंठे लावून, पाळीपाळीने एकाने सर्वांची फुले नेली, तर ७५० फुलांवर तोच खर्च विभागून फुलामागे २० पैसे पडतो. झाड, खत व पाणी दोन्ही ठिकाणी सारखेच आहे. फरक केवळ एकत्र येण्याचा आहे.

भाव सरासरी एक रुपया पडल्यास दहा गुंठ्यांचे ५४,००० रुपये होतात. त्यातून गटाने केलेल्या वाहतुकीचे सुमारे ११,००० रुपये वजा जाता ४३,००० रुपये राहतात. भाव पन्नास पैसेच पडल्यास २७,००० रुपयांतून वाहतूक वजा जाता १६,००० रुपये उरतात, आणि त्यांतून खते, औषधे, छाटणी व तोडणीची मजुरी भागवावयाची असते. शिवाय लागवडीचा खर्च आहेच. कलम २० रुपयांस धरले तरी १,३६० कलमांचे २७,२०० रुपये होतात. ठिबक, गादीवाफे व कुंपण वेगळे. तुलनेसाठी सोयाबीन पाहावे. दहा गुंठ्यांत दोन क्विंटल उत्पादन धरले, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये या आधारभूत किमतीने १०,६५६ रुपये होतात. तात्पर्य, एक रुपयाच्या भावात गुलाब सोयाबीनपेक्षा पुष्कळ सरस ठरतो. पन्नास पैशांच्या भावात श्रम पाहता तो फारसा सरस राहत नाही. आणि एकट्याने रोज बाजार गाठावयाचा असेल तर तो तोट्यात जातो.

म्हणूनच लागवडीपूर्वी बाजाराची पाहणी करावी. हिंगोली व वाशिम येथील हारवाले आज गुलाब कोठून आणतात, कोणत्या वारी किती घेतात, श्रावणात, गणपतीत, दसऱ्यास व लग्नसराईत शेकडा काय भाव देतात आणि पितृपक्षात काय देतात, हे वर्षभर नोंदवून ठेवावे. औंढा नागनाथ व नर्सी नामदेव या देवस्थानांच्या परिसरातील, तसेच नांदेड येथील मागणीही पाहावी.

केवळ एका देवस्थानावर विसंबू नये. शिर्डीच्या परिसरात साईमंदिराच्या आधारावर गुलाबाची शेती वाढली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मंदिर बंद झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते उघडले, तरी मंदिरात हार-फुले नेण्यास मनाई राहिली आणि ती २०२४ च्या अखेरीस उठली. एवढ्या काळात तेथील फूल उत्पादकांची जी ओढाताण झाली, ती लक्षात घेऊन निदान तीन ठिकाणी विक्रीचे संबंध ठेवावेत.

उरलेल्या फुलांचे काय करावे

भाव पडलेल्या दिवशी फुले बांधावर टाकण्याऐवजी गुलकंद करणे हा चांगला जोडधंदा होय. त्यासाठी सुगंधी देशी गुलाबाच्या पाकळ्या लागतात. ग्लॅडिएटरसारख्या जातींस तो गंध नाही. म्हणून बांधाच्या कडेने शंभर-दीडशे देशी गुलाब लावून ठेवावेत. त्यांचे काटेरी कुंपण शेळ्यांनाही काही अंशी अडविते. एक किलो स्वच्छ व निथळलेल्या पाकळ्यांस एक ते दीड किलो साखर घेऊन काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत थरावर थर द्यावेत आणि बरणी तीन-चार आठवडे उन्हात ठेवावी. महिला बचत गटांस हे काम सुलभ आहे. विक्री करावयाची असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे.

अत्तर काढण्याची कल्पना मात्र लहान क्षेत्रावर व्यवहार्य नाही. अत्तराच्या खास गुलाबाची सुमारे साडेतीन ते चार हजार किलो फुले घ्यावीत तेव्हा एक किलो तेल मिळते. वर धरलेली वर्षाची ५४,००० फुले, एक फूल चार ग्रॅमचे मानल्यास, केवळ २१६ किलो भरतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गुलाबाची मागणी घेऊन आलेल्या शेतकऱ्यास कलमांची यादी देण्यापूर्वी कार्यकर्त्याने पाच गोष्टी स्वतः पाहाव्यात. मे महिन्यातील विहिरीचे पाणी किती. माती परीक्षणात सामू व चुनखडी किती. पावसाळ्यात त्या तुकड्यात पाणी साचते काय. पहाटे तोडणी करणारे घरचे दोन हात आहेत काय. आणि सोबत लावणारे आणखी चार शेतकरी आहेत काय. यांपैकी पाणी किंवा सोबती यांचे उत्तर नकारार्थी असल्यास लागवड एक वर्ष पुढे ढकलण्याचा स्पष्ट सल्ला द्यावा. शेतकऱ्यास तो क्षणभर रुचणार नाही. परंतु वाळलेल्या बागेपेक्षा तो बरा.

ज्यांची उत्तरे अनुकूल आहेत त्यांनीही पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांत, सुमारे २७० झाडांवर, अनुभव घ्यावा. छाटणी, रानफुटवे काढणे व मलम लावणे ही कामे हाताला बसली आणि हारवाल्यांशी व्यवहार जुळला म्हणजे क्षेत्र वाढविणे सोपे जाते. तांत्रिक अडचणींसाठी कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संपर्क साधावा. ठिबक व लागवडीसाठीच्या अनुदानाची चालू माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळेल.

दोन गुंठ्यांची ही बाग ज्यांना यंदा सुरू करावयाची आहे, त्यांनी या मे महिन्यात विहिरीच्या पाण्याची मोजणी करावी, मातीचा नमुना तपासणीस पाठवावा आणि सोबतच्या चार शेतकऱ्यांची बैठक घ्यावी. खड्डे त्यानंतर घ्यावेत.